मुक्कामाची वही

माझं माहेर आटपाडी तालुक्यातलं, सासर म्हसवडच्या बाजूचं. एक घर सांगली जिल्ह्यात, दुसरं साताऱ्यात. पण वर्षातला निम्म्याहून जास्त काळ आम्ही दोन्हीकडं नसतो. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि पोरंबाळं घेऊन आमचा वाडा मावळतीला निघतो. चार-पाच कुटुंबं आणि त्यांची मेंढरं एकत्र चालतात, त्याला आम्ही वाडा म्हणतो. दहिवडी, वडूज, पुसेसावळी, मसूर, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर अशी वाट करत आम्ही कुंभार्ली घाट उतरतो. थंडीचे दिवस चिपळूण-गुहागरच्या पट्ट्यात काढतो आणि मृगाच्या आत माघारी येतो.

हे का करायचं, ते आमच्याकडचं लहान पोरही सांगेल. माण, खटाव, आटपाडी, जत हा सगळा सह्याद्रीच्या पाठीमागचा मुलूख. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पावसाळ्यात माळावर जे गवत येतं ते कार्तिकापर्यंत संपतं. त्याच वेळी घाटाखाली भातकापणी झालेली असते, खाचरं मोकळी पडलेली असतात, बांधावर गवत उभं असतं. जूनमध्ये उलटं होतं. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस कोसळतो, त्या चिखलात मेंढराचे खूर कुजतात, अंगावरची लोकर वाळत नाही. आमचा कोरडा माळ तेव्हा मेंढराला मानवतो.

लग्न होऊन आले तेव्हा मी दहावी झालेली होते. माझ्या वडिलांनी मेंढरं विकून डाळिंब लावलं होतं, त्यामुळं वाड्यावरचा संसार मी पहिल्यांदा सासरीच पाहिला. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचा जन्मच वाड्यावरचा. पहिल्या वर्षी निघायच्या आधी मी माहेराहून आलेली स्टीलची भांडी बांधायला घेतली. त्यांनी एकेक उचलून पाहिलं आणि अर्ध्याहून जास्त घरात परत ठेवली. म्हणाल्या, “घोडीला इचारून भर. तिनं म्हटलं न्हेते, तरच न्यायचं.”

घोडीवर जातं ते असं. ताडपत्री आणि पालाचे बांबू, लोखंडी खुंट्या, वाकळा, घोंगडी, मेंढरं कोंडायची जाळी म्हणजे वाघर, तवा, काठवट, दोन पातेली, हंडा, पिठाची आणि मिठाची पिशवी, औषधांचा डबा. वरती डालग्यात कोंबड्या. मेंढ्या विण्याचे दिवस बहुतेक वाटेवरच येतात, म्हणून ज्यांना चालता येत नाही अशी कोकरं दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत, फक्त तोंडं बाहेर. ओझं दोन्हीकडं सारखं नसेल तर खोगीर सरकतं आणि घोडीची पाठ सोलते. पाठ सोलली की ती घोडी आठ दिवस कामाची राहत नाही. म्हणून बाईला आधी स्वयंपाक नाही, ओझं भरायला शिकवतात.

दिवस कसा जातो ते सांगते. पहाटे चूल, भाकरी, चहा. उजाडलं की पुरुष मेंढरं चारत आडरानानं निघतात. आम्ही बाया पाल मोडायचं, भांडी घासायची, घोड्या भरायच्या आणि सरळ रस्त्यानं पुढच्या मुक्कामाला जायचं. दहा-पंधरा किलोमीटरची चाल. पोचल्यावर ओझं उतरवायचं, पाल ठोकायचं, पाणी शोधायचं, सरपण गोळा करायचं, कोकरांना पाजायचं. दिवस मावळता मेंढरं येतात तेव्हा वाघर लावून तयार पाहिजे. वाटेवर असताना हे रोज. कोकणात उतरल्यावर एकेका गावात तीन, चार, कधी आठ रात्री मिळतात, तेवढाच हाताला विसावा.

पाल कुठं ठोकायचं हे आत्याबाईंनी मला रागावून रागावून शिकवलं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात कधीच नाही, वर कुठं पाऊस पडला तर कळतही नाही. नारळाखाली नाही, कारण सरळ आहे. खाचराच्या खालच्या कोपऱ्यात नाही, तिथं दव साठतं आणि सकाळी वाकळा पिळाव्या लागतात. बांधाच्या आडोशाला, वाऱ्याकडं पाठ करून, चूल वाऱ्याच्या उलट्या बाजूला. झाडाखाली उतरण्याआधी वर बघायचं, लाल मुंग्यांनी पानं चिकटवून घरटी केलेली असली तर लगेच पुढं सरकायचं. कोकणातल्या जांभ्यावर खुंटी शिरत नाही, तिथं पालाच्या दोऱ्या दगडांना बांधायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेताच्या मालकाला विचारल्याशिवाय एक दगडही हलवायचा नाही.

घाटाआधी उंब्रजच्या अलीकडं-पलीकडं मुक्काम पडला की पुरुषांपैकी कुणीतरी पालीच्या खंडोबाला जाऊन भंडारा घेऊन येतो. म्हसवडच्या सिद्धनाथाचा अंगारा आणि आरेवाडीच्या बिरोबाचा भंडारा आधीच डब्यात असतो. कोयनानगरपासून पुढं थंडी बोचते, रान दाट होतं. त्या भागात आता चराईला पूर्वीसारखी मोकळीक नाही. २०१० साली कोयना आणि चांदोलीचं जंगल मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून रस्ता सोडून आत शिरता येत नाही. त्यामुळं हेळवाकच्या पुढं मेंढरांना पोटभर चारा मिळत नाही आणि घाट उपाशीपोटी उतरावा लागतो.

घाट आम्ही भल्या पहाटे उतरतो. वळणावळणावर ट्रक येतात. पुढं एक माणूस, मागं एक माणूस, हातात बॅटरी. मेंढराची खोड अशी, की पुढचं थांबलं की सगळी थांबतात आणि पुढचं उडालं की सगळी उडतात. एका वर्षी एका वाहनानं मागून हॉर्न वाजवत मेंढरं दरीच्या कडेला लोटली. आमच्या कुत्र्यानं आडवं पळून कळप वळवला म्हणून निभावलं. पोफळी आली की हवा बदलते, अंगावरचं घोंगडं काढावं लागतं. कोयनेचं पाणी तिथल्या वीजघरातून वीज करून वाशिष्ठी नदीत सुटतं, म्हणून चिपळूणच्या बाजूला फाल्गुनातही नदीला पाणी असतं. सासरे म्हणायचे, “आपल्या जिल्ह्याचं पानी आपल्या आदीच कोकनात जाऊन बसलंय.”

कोकणात आम्हाला कुणी का उतरू देतं? मेंढरांच्या लेंडीसाठी. तिथली जमीन तांबडी, उताराची. दर पावसाळ्यात तिचा कस वाहून जातो. मेंढरं रात्रभर खाचरात बसली की लेंड्या आणि मूत जागेवरच मातीत मुरतं. शेणखत विकत आणा, वाहून न्या, पसरा, यातलं काहीच करावं लागत नाही. दिवसा बांधावरचं तण खाल्लं जातं ते वेगळं. वाघर रोज थोडी सरकवायची, म्हणजे एका रात्री एक खाचर, दुसऱ्या रात्री शेजारचं, असं करत सगळं शेत खतावून निघतं. मेंढरं खंडीवर मोजतात, वीस मेंढरांची एक खंडी. किती खंड्या किती रात्री बसणार त्यावर बोली ठरते. मी आले तेव्हा बहुतेक ठिकाणी पायलीवर भात मिळायचं, वर चहा-साखर, नारळ, कधी सुकट. आता रोख पैसे देतात. मला भाताचा व्यवहार बरा वाटायचा. गिरणीतून तांदूळ काढून आणला की घरात आल्यासारखं वाटायचं, आणि भाव पडला-चढला याची चिंता नसायची.

बोली पुरुष करतात असं बाहेरून दिसतं. खरं काम आधीच झालेलं असतं, ते बायांनी केलेलं. मार्गताम्हाण्याच्या पुढं एका घरच्या आजी आत्याबाईंना नावानं हाक मारायच्या. आम्ही दिसलो की “आलीस गो बाय” म्हणून आधी पाण्याचा तांब्या, मग गप्पा. त्यांच्या सुनेच्या बाळंतपणात आत्याबाईंनी शेळीचं दूध रोज पोचवलं होतं. आमच्या थोरल्या दिराला ताप आला तेव्हा त्या घरानं त्याला ओटीवर झोपवून घेतलं होतं. त्यामुळं त्या वाडीत आमची मेंढरं कुठं बसणार हा प्रश्नच कधी नव्हता, आधी कुणाकडं बसणार एवढाच होता.

दहावी झालेली सून म्हणून मी एक वही घातली. पहिल्यांदा हिशेबासाठीच. गाव, वाडी, मालकाचं नाव, किती रात्री, काय मिळालं. पुढं त्यात इतर गोष्टी येऊ लागल्या. विहीर कुणाची आणि ती कधी आटते. कुठल्या आंब्याच्या बागेत कलमं लहान आहेत, तिकडं मेंढरू फिरकू द्यायचं नाही. कुठल्या ओढ्याच्या काठावर चारू नये. हा शेवटचा भाग फार कामाचा ठरला. पाणथळ जागी गोगलगायी असतात, त्यांच्यातून चपटे जंत गवतावर येतात आणि मेंढराच्या काळजात जातात, असं पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. मेंढरू खंगत जातं, हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबते आणि एक दिवस उठत नाही. आत्याबाईंना गोगलगायीचं ठाऊक नव्हतं, पण दव वाळायच्या आत पाण्याकाठी चारू नये हा नियम त्यांच्या सासूपासून चालत आलेला होता. मी वहीत डॉक्टरांचं आणि आत्याबाईंचं शेजारी-शेजारी लिहिलं.

निघण्याआधी आता आम्ही आंत्रविषार आणि पीपीआरची लस टोचून घेतो, जंताचं औषध पाजतो. पण थंडीतल्या पावसाला औषध नाही. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला, पुणे आणि नगर जिल्ह्यांत उघड्यावर बसलेली मेंढरं गारठून हजारांनी मेली. आम्ही तेव्हा घाटाखाली होतो. पाऊस आमच्याकडंही झाला, पण हवा उबदार होती. रात्रभर कोकरं पालात घेतली, आम्ही बाहेर ताडपत्रीखाली बसून राहिलो. पलीकडच्या मुलखातल्या पाहुण्यांचे फोन येत होते, कुणाची किती गेली त्याचे. माणसाला घर नसलं तर तो निवारा शोधतो, मेंढरांचा कळप कुठल्या घरात नेणार?

बाईमाणसाचे त्रास मोकळेपणानं लिहायला हवेत. उजाडायच्या आत आणि अंधार पडल्यावर, त्याच्या मधे आडोसा नाही. अंघोळ दोन घोंगड्यांच्या आडोशाला, पाणी मिळेल तेव्हा. पाळीच्या दिवसांतही ओझं भरायचं चुकत नाही. माझं धाकटं पोरगं पाटणला सरकारी दवाखान्यात झालं. वाडा पुढं गेला, मी आणि जाऊ मागं राहिलो आणि नंतर एसटीनं जाऊन वाड्याला मिळालो. पोरांची शाळा हा वेगळाच घोर. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवलं की दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. पण दर चार दिवसांनी गाव बदलणाऱ्यानं किती शाळांत बसायचं? म्हणून पोरगी मागं गावातच ठेवली. ती बारावी झाली. पोरगा वाड्याबरोबर वाढला आणि आठवीनंतर शाळेत गेला नाही.

रात्री मात्र चांगल्या असत. जेवणं झाली की पुरुष सुंबरान मांडायचे, बिरोबाच्या ओव्या उशिरापर्यंत चालायच्या. कोकणातली पोरं ऐकायला येऊन बसायची. बिबट्याच्या भीतीनं दोघं आळीपाळीनं जागे राहतच, त्यांना तेवढीच सोबत व्हायची. आता जागणाऱ्याच्या हातात मोबाइल असतो, आणि पालावर सौरदिवा.

काही वर्षांपूर्वी गुहागरच्या किनाऱ्याजवळ आमचा तळ पडला होता. सुरूच्या बनाच्या कडेला एक मोठी पांढरी गाडी उभी दिसली. दोन दिवस झाले तरी हलली नाही. तिसऱ्या दिवशी त्या गाडीतली बाई पाण्याचा कॅन घेऊन आमच्याच विहिरीवर आली. बोलणं निघालं तर सांगलीची, विश्रामबागेतली. नवरा-बायको दोघंही नोकरीतून निवृत्त झालेले. गाडीच घरासारखी करून घेतली होती आणि थंडीचे महिने त्यातच राहून किनाऱ्यानं फिरत होते. सांगली ऐकल्यावर मी माहेरचं माणूस म्हणून चहाला बोलावलं, आणि तिनं मला गाडी दाखवली. आत पलंग, ओटा, गॅस, छोटा फ्रीज, कपाटाला कड्या म्हणजे चालताना भांडी पडू नयेत. संडासही आतच. मला सगळ्यात जास्त हेवा त्याचाच वाटला.

तिचा मुलगा अमेरिकेत. तिकडं निवृत्त झालेली पुष्कळ माणसं असल्या गाड्या घेऊन हिवाळ्यात उत्तरेकडून फ्लोरिडा, अ‍ॅरिझोनाकडं उबेला जातात आणि उन्हाळा लागला की परततात, असं तिनं सांगितलं. तिथंच त्यांना ही कल्पना सुचली. मग तिनं आपल्या अडचणी सांगितल्या, आणि मी ऐकतच राहिले. टाकीत पाणी कुठं भरायचं. मैल्याची टाकी कुठं रिकामी करायची. रात्री गाडी कुठं लावायची, कारण एका गावात रात्री अकराला येऊन कुणी तरी उठवलं होतं. वीज कुठून घ्यायची. ओझं दोन्हीकडं सारखं भरलं नाही तर वळणावर गाडी कशी झुकते. शेवटचं ऐकून आमच्या जाऊबाई मोठ्यानं हसल्या.

तिच्या आणि माझ्या संसारात फरक किती, ते सांगायला नको. ती हौसेनं निघाली होती, तिच्या दाराला कुलूप होतं, मागं बंगला होता. पण एका गोष्टीत आम्ही दोघी सारख्या होतो. चालण्याचा त्रास दोघींनाही नव्हता. दोघींचा सगळा घोर थांबण्याचा होता. लोकांना वाटतं की फिरणाऱ्याला कुठंही चालतं. फिरणाऱ्यालाच जागा नेमकी लागते, कारण त्याला ती आज संध्याकाळी हवी असते.

तिनंच मला सांगितलं की २०२१ साली राज्य सरकारनं असल्या गाड्यांसाठी, कॅरव्हानसाठी, पर्यटनाचं धोरण काढलंय. त्यात गाड्या थांबण्याच्या जागा करायच्या आहेत, पाणी, वीज, कचरा-मैल्याची सोय असलेल्या. मला ते पटलं. त्यांना पाहिजेच. आणि त्याच वेळी वाटलं, म्हसवडपासून गुहागरपर्यंतच्या वाटेवर आमच्यासाठी असली एक तरी जागा कुणी आखली आहे का?

पूर्वी आखायची गरज नव्हती. गावोगावी गायरान होतं, पडीक माळ होता. आता टेंभू योजनेचं पाणी आटपाडी-खानापूरच्या बाजूला आलं, ऊस आणि द्राक्षं आली, माझ्या वडिलांसारख्यांची डाळिंबं पिकली. चांगलंच झालं. पण प्रत्येक माळाला तारेचं कुंपण पडलं आणि चराई गेली. रस्ते रुंद झाले, कडेची बाभळीची रांग गेली. कोकणातही तसंच. निम्म्या घरांची माणसं मुंबईला, खाचरं लावायलाच कुणी नाही, मग खतावायची कशाला? जी जमीन राहिली तिथं काजू आणि हापूसची कलमं, त्यांना मेंढराचं दर्शनही नको. लोकरीला गिऱ्हाईक उरलं नाही, कातरणाराची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त होते. कोकरं विकून येतात त्यावर घर चालतं. आमच्या वाड्यातली दोन कुटुंबं या काळात थांबली. एक ऊसतोडीला जातं, एकानं आटपाडीत चहाची टपरी घातली.

जे उरलोत त्यांनीही चाल बदलली आहे. माझ्या मुलानं जुनी पिकअप घेतली. म्हातारी माणसं, कोकरं, कोंबड्या आणि भांडी त्यात जातात, घोड्या दोनच राहिल्या. मी पुढं बसते आणि घाटाखाली दोन तासांत उतरते. पाठ दुखायची थांबली. पण गाडीला डिझेल लागतं आणि ती रस्ता सोडून बांधावर चढत नाही, म्हणून घोड्या पूर्ण विकू नका असं मीच सांगितलं.

आमच्या धनगर समाजासाठी महामेष योजना २०१७ पासून आहे, वीस मेंढ्या आणि एक नर अनुदानावर मिळतात. ज्यांना मेंढपाळी सुरू करायची त्यांना ती उपयोगी असेल. आमची अडचण मेंढरांची संख्या ही नाही. एका दिवसाच्या चालीच्या अंतरावर अर्धा एकर मोकळी जागा, तिथं पाण्याचा एक हौद, बाईमाणसाला एक आडोसा, आणि आम्ही कधी येणार ते आधी कळवल्यावर लशीचा डॉक्टर, एवढं झालं तर हा धंदा आणखी एक पिढी चालेल. पांढऱ्या गाडीसाठी जे आखायचं ठरलं त्याहून हे स्वस्त आहे, आणि सकाळी आम्ही निघून गेल्यावर जागेत खत मागं राहतं.

ते होईपर्यंत काम वहीवर चालतं. दसऱ्यानंतर मी ती काढून बसते आणि एकेकाला फोन लावते. आत्याबाई आता नाहीत, मार्गताम्हाण्याच्या आजीही गेल्या. यंदा काही शेतं मुलांच्या नावावर झाली आहेत, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईत. त्यांना मी कोण, माझी सासू कोण, त्यांच्या आजीनं कुठल्या खाचरात आमची मेंढरं बसवली होती, हे पहिल्यापासून सांगावं लागतं. काही जण ऐकून घेतात आणि म्हणतात, या. काही जण म्हणतात, विचार करून कळवतो. त्यांच्या नावापुढं मी पेन्सिलीनं खूण करून ठेवते, आणि त्या रात्रींसाठी शेजारच्या वाडीत दुसरं शेत शोधायला मुलाला आधी पाठवते.